हळदीला मालक मिळाला तेव्हा

मार्च लागला की लालबागच्या मसाला बाजारात चालायला वाट उरत नाही. बेडगी, संकेश्वरी, लवंगी मिरच्यांची पोती दुकानांबाहेर येतात, धणे, दगडफूल, नाकेसर, तमालपत्राचे ढीग लागतात आणि त्यांच्या शेजारी हळकुंडे असतात. परळ-शिवडीच्या बायका आणि चाळ सोडून डोंबिवली-विरारला गेलेल्या त्यांच्या लेकीसुना वर्षाचा मसाला इथूनच भरतात. डंकाचे ठोके दिवसभर चालू असतात. १९९५ सालचा असाच हंगाम चालू असताना, २८ मार्च रोजी, अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाने ५४०१५०४ क्रमांकाचे पेटंट मंजूर केले. विषय होता जखम भरून येण्यासाठी हळदीचा वापर.

पेटंट मिळाले मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला. संशोधक म्हणून सुमन दास आणि हरिहर कोहली ही नावे होती. दोघेही भारतीय वंशाचे. अर्ज १९९३ च्या डिसेंबरातला आणि दावे सहा. सगळ्यांचे सार एकच होते: जखमेवर हळदपूड लावली किंवा रुग्णाला ती पोटातून दिली, तर जखम भरून येते आणि ही उपचारपद्धती आमची आहे. भारतात मुरगळण्यावर आणि सुजेवर हळद पूर्वापार वापरतात, हे अर्जात मान्यही केलेले होते. नवे काय, तर जखम भरणे.

ज्या घरात सुरीने बोट कापले की पहिला हात हळदीच्या डब्याकडे जातो, त्या घराला हे वाचून संताप येणे साहजिक आहे, आणि तसा तो आलाही. पण या पेटंटने नेमके काय हिरावले होते, हे समजून घेतल्याशिवाय पुढची लढाई कळत नाही. पेटंट ज्या देशात दिले जाते त्याच देशात चालते. मिसिसिपीच्या पेटंटमुळे लालबागच्या कोणा दुकानदाराला नोटीस येणार नव्हती. धोका होता तो अमेरिकेत. तिथे जखमेवरचे औषध म्हणून हळदपूड विकायची, तर पेटंटधारकाची परवानगी लागली असती. हळद पिकवणाऱ्या, वाळवणाऱ्या, सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवांत वर्षानुवर्षे साठवणाऱ्या आणि जगभर पाठवणाऱ्या देशाच्या मालाच्या एका उपयोगावर दुसऱ्याचे नाव लागले होते.

काळही जोखमीचा होता. त्याच वर्षी १ जानेवारीला जागतिक व्यापार संघटना अस्तित्वात आली आणि बौद्धिक संपदेच्या कराराने भारताचे हात बांधले गेले. भारताचा १९७० चा पेटंट कायदा अन्न आणि औषध या वस्तूंवर पेटंट देत नव्हता. तो आता बदलावा लागणार होता. अनेक शेतकरी संघटनांपासून डाव्या पक्षांपर्यंत एकच भीती होती: उद्या आपल्याच बियाण्यांचे आणि औषधांचे पैसे आपल्याला परक्याला मोजावे लागतील. हळदीची बातमी त्या भीतीला मिळालेला धडधडीत पुरावा होता.

या प्रकरणातली माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची गोष्ट अमेरिकेच्या तेव्हाच्या कायद्यात आहे. कोणतीही गोष्ट नवी असेल तरच तिला पेटंट मिळते, हा जगभरचा नियम. पण नवी म्हणजे कुठे नवी? अमेरिकेचा कायदा सांगत होता की एखादी गोष्ट अमेरिकेत लोकांना माहीत असेल किंवा वापरात असेल, तर ती जुनी. परदेशातली गोष्ट मात्र जुनी ठरायला तिथे तिचे पेटंट झालेले असावे लागे, किंवा ती छापून प्रसिद्ध झालेली असावी लागे. परदेशातल्या नुसत्या वापराला, नुसत्या माहितीला किंमत नव्हती. थोडक्यात, मिसिसिपीतल्या एका माणसाने जखमेला हळद लावली असती तर तो पुरावा झाला असता. परळच्या हजारो आयांनी हजारो गुडघ्यांवर लावली, तो पुरावा नव्हता. त्या आयांच्या वतीने कोणी तरी, कधी तरी, कुठे तरी छापलेले असायला हवे होते.

१९९५ च्या जुलैत वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेच्या, म्हणजे सीएसआयआरच्या महासंचालकपदी डॉ. रघुनाथ माशेलकर आले. जन्म १९४३ चा, गोव्यातल्या माशेल गावचा. वडील लहानपणीच गेले आणि आई अंजनीबाई मुलाला घेऊन मुंबईत गिरगावात, खेतवाडीत राहायला आल्या. मिळेल ते काम करून त्यांनी घर चालवले. महापालिकेच्या शाळेनंतर हायस्कूलच्या प्रवेशासाठी २१ रुपये हवे होते आणि ते जमवायला आईला २१ दिवस लागले, हे माशेलकरांनी अनेकदा सांगितले आहे. गिरगावच्या युनियन हायस्कूलमधून ते १९६० साली शालान्त परीक्षेत राज्यात अकरावे आले. पुढे टाटा ट्रस्टच्या महिना ६० रुपयांच्या शिष्यवृत्तीवर शिक्षण झाले आणि माटुंग्याच्या यूडीसीटीतून, म्हणजे मुंबई विद्यापीठाच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागातून, रासायनिक अभियांत्रिकीची पदवी आणि मग डॉक्टरेट मिळाली. १९८९ पासून ते पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक होते.

पुढे सीएसआयआरच्या वतीने हळदीचा खटला लढणारा हा माणूस पेटंटच्या विरोधात मुळीच नव्हता. पुण्यात असताना आपल्या शास्त्रज्ञांनी शोध नुसते नियतकालिकांत छापून मोकळे होऊ नये, आधी पेटंट घ्यावे, म्हणून ते सतत मागे लागत असत. पेटंट घ्या, मग छापा आणि संपन्न व्हा, हे त्यांचे घोषवाक्य होते. त्यांच्या प्रयोगशाळेने अमेरिकेतही पेटंटे मिळवली होती. ज्याला पेटंटची ताकद आतून ठाऊक होती, त्यालाच चुकीचे पेटंट कुठून मोडता येईल हे कळत होते. रस्त्यावर मोर्चे निघाले, अग्रलेख लिहिले गेले, त्यांचेही महत्त्व होते. पण वॉशिंग्टनच्या परीक्षकाला मोर्चा पुरावा म्हणून दाखवता येत नाही. त्याला कागद लागतो.

मग कागद शोधायला सुरुवात झाली. हे काम वाटते तितके सोपे नव्हते. हळदीचे गुण आयुर्वेदाच्या ग्रंथांत पानोपानी आहेत; सुश्रुताने व्रणांच्या उपचारात हरिद्रा सांगितली आहे. पण नेमका दावा असा होता की हळद, हळदच, जखम भरण्यासाठी. दहा औषधींच्या मिश्रणात एक हळद असेल, तर पेटंटधारकाचा वकील सहज म्हणू शकतो की गुण बाकीच्या नऊंचा. म्हणून एकट्या हळदीचा, जखमेसाठीचा, छापील उल्लेख हवा होता. सीएसआयआरने संस्कृत, उर्दू, हिंदी आणि इंग्रजीतले असे ३२ संदर्भ जमवले. त्यांत जुने ग्रंथ होते आणि इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकातला १९५३ सालचा एक शोधनिबंधही होता. २८ ऑक्टोबर १९९६ रोजी अमेरिकेच्या पेटंट कार्यालयात फेरतपासणीचा अर्ज दाखल झाला.

त्या १९५३ च्या निबंधाकडे मला पुनःपुन्हा वळावेसे वाटते. स्वतंत्र होऊन सहा वर्षे झालेल्या देशातल्या वैद्यकांनी घरात रोज दिसणारी हळद अभ्यासण्यासारखी मानली आणि जे दिसले ते रीतसर छापले. चाळीस वर्षांनी आपला कागद सातासमुद्रापार देशाच्या वतीने उभा राहील, याची त्यांना कल्पना असणे शक्य नव्हते. त्यांनी फक्त आपले काम तारखेसह नोंदवले होते.

पेटंटधारकांच्या बाजूने आलेला बचाव आपल्या स्वयंपाकघरात वाचून दाखवण्यासारखा आहे. त्यांचे म्हणणे असे की जुन्या संदर्भांत हळदीचा लेप सांगितला आहे आणि आमचा दावा हळदीच्या पुडीचा आहे. लेप आणि पूड यांचे भौतिक गुणधर्म वेगळे, शरीरात शोषले जाण्याची रीत वेगळी. म्हणून लेपाने जखम भरते हे माहीत असले, तरी पुडीनेही भरेल असे जाणकाराला वाटण्याचे कारण नाही. आता लेप कशाचा करतात? डब्यातली पूडच तेलात, तुपात किंवा पाण्यात कालवून. घाई असेल तर कोरीच चिमूटभर दाबतात. हे कोणत्याही आजीला विचारले असते तर तिने सांगितले असते, पण आजीची साक्ष त्या कायद्यात बसत नव्हती. परीक्षकाने कागदांवरूनच ठरवले की दोन्ही रूपे आधीपासून ठाऊक होती आणि दाव्यात नवे काही नाही. १९९७ च्या ऑगस्टमध्ये सगळे सहा दावे फेटाळले गेले आणि २१ एप्रिल १९९८ रोजी पेटंट रद्द झाल्याचे फेरतपासणीचे प्रमाणपत्र निघाले. विकसनशील देशाच्या परंपरागत ज्ञानावर घेतलेले अमेरिकन पेटंट आव्हान देऊन रद्द होण्याची ही पहिलीच वेळ मानली जाते. वर्तमानपत्रांनी या लढाईला दुसरी हळदीघाटी म्हटले. ते नाव लोकांना आवडले आणि माशेलकरांच्या नावाला कायमचे चिकटले.

हळदीसारखी अवस्था इतर धंद्यांतही झाली आहे, आणि सगळीकडे शेवट असा गोड झालेला नाही. एक उदाहरण गिरगावकराला जवळचे वाटेल. चर्नी रोड स्टेशनातून समुद्राकडे उतरले की तारापोरवाला मत्स्यालय लागत असे; १९५१ साली राष्ट्रपती राजेंद्र प्रसादांच्या हस्ते ते सुरू झाले आणि मुंबईच्या कित्येक पिढ्यांनी समुद्रातला रंगीत मासा पहिल्यांदा तिथल्या काचेतून पाहिला. घरात खाऱ्या पाण्याची टाकी ठेवणाऱ्यांचे जग त्यानंतर फार वाढले. प्रवाळ जगवायचे तर प्रकाश समुद्रासारखा हवा: सकाळी हळूहळू वाढणारा, संध्याकाळी मंदावणारा, रात्री चांदण्यासारखा निळसर. हौशी लोक हे ट्यूब, मेटल हॅलाइड दिवे आणि टायमर जोडून आधीपासून करत होते. एलईडी आले तेव्हा तेच काम एलईडीने करणे ही पुढची साधी पायरी होती. २००७ च्या मे महिन्यात ऑर्बिटल टेक्नॉलॉजीज या अमेरिकन कंपनीला समुद्री टाक्यांसाठीच्या अशा नियंत्रित एलईडी प्रकाशव्यवस्थेचे पेटंट मिळाले. मूळची ही अवकाश तंत्रज्ञानात काम करणारी कंपनी. पीएफओ लायटिंग नावाची एक छोटी कंपनी सोलारिस नावाचा एलईडी दिवा विकत होती. तिच्यावर पेटंटभंगाचा दावा झाला. सोलारिस बाजारातून गेला आणि थोड्याच काळात पीएफओही बंद पडली.

मत्स्यपालनाच्या धंद्यातल्या अनेकांना हे पेटंट अन्यायाचे वाटले. हळदीच्या बाजूला एक सरकारी परिषद होती, तिच्याकडे ग्रंथालये होती, वकील होते, संस्कृत जाणणारी माणसे होती. दिवे बनवणाऱ्या छोट्या कंपनीकडे यातले काही नव्हते. अमेरिकेत पेटंटचा खटला लढणे इतके खर्चिक आहे की दावा योग्य की अयोग्य हे ठरण्याआधीच लहान व्यापारी गळाठतो. पेटंट कधी तपासलेच जात नाही. त्याची नोटीसच पुरते.

याच छंदाच्या इतिहासात याच्या उलटही घडले आहे. जकार्तातल्या ली चिन एंग या गृहस्थांनी १९६१ साली एका अमेरिकन मत्स्यपालन मासिकात आपली पद्धत लिहिली: समुद्रातले जिवंत खडक टाकीत ठेवायचे, हवेचे बुडबुडे सोडायचे आणि पाणी स्वच्छ ठेवण्याचे काम निसर्गावर सोपवायचे. आजच्या प्रवाळटाक्यांची मुळे त्या विचारात आहेत. त्यांनी ते छापले, त्यामुळे ती कल्पना सगळ्यांची झाली आणि तशीच राहिली. एंग यांनी स्वतःसाठी काही मिळवले नाही, पण पुढच्या साठ वर्षांच्या मत्स्यपालकांवर त्यांनी उपकार केले. याउलट स्मिथसोनियन संस्थेच्या वॉल्टर एडी यांनी शेवाळाच्या पडद्याने पाणी गाळण्याचे यंत्र तयार केले आणि १९८२ साली त्याचे पेटंट घेतले; तिथे तक्रारीला जागा नाही. खरोखर नवे यंत्र करणाऱ्याला त्याचे फळ मिळालेच पाहिजे. तक्रार आहे ती सर्वांच्या वहिवाटीला कुंपण घालण्याविरुद्ध.

हळदीनंतर बासमतीचे प्रकरण आले. टेक्सासच्या राइसटेक कंपनीला सप्टेंबर १९९७ मध्ये मिळालेल्या पेटंटमधले बहुतेक दावे पुढे गळाले. कडुनिंबाची लढाई मात्र जास्त सांगण्यासारखी आहे, कारण तिथे महाराष्ट्राचा एक माणूस साक्षीदार म्हणून उभा राहिला. डब्ल्यू. आर. ग्रेस कंपनी आणि अमेरिकेचे कृषी खाते यांना १९९४ साली युरोपात कडुनिंबाच्या तेलाने बुरशी मारण्याच्या पद्धतीचे पेटंट मिळाले. त्याविरुद्ध पर्यावरण कार्यकर्त्या वंदना शिवा, युरोपीय संसदेतल्या माग्दा आल्वूट आणि सेंद्रिय शेतीच्या जागतिक महासंघाच्या लिंडा बुलार्ड उभ्या राहिल्या. युरोपचा कायदा अमेरिकेसारखा नव्हता. तिथे जगात कुठेही झालेला उघड वापर पुरावा म्हणून चालत होता, मग तो छापलेला असो वा नसो. म्हणून २००० च्या मे महिन्यात म्युनिकच्या सुनावणीत अभय फडके यांची साक्ष झाली. कडुनिंबाचा अर्क काढून १९८५ आणि १९८६ च्या उन्हाळ्यात पुणे आणि सांगली जिल्ह्यांतल्या शेतांवर त्याच्या चाचण्या घेतल्याचे त्यांनी सांगितले. १० मे २००० रोजी पेटंट रद्द झाले. कंपनीच्या बाजूने अपील झाले, तेही ८ मार्च २००५ रोजी फेटाळले गेले.

सांगली जिल्ह्यातल्या शेताची हकीकत म्युनिकच्या दालनात ऐकली जाते आणि परळच्या घरातली हकीकत वॉशिंग्टनमध्ये ऐकली जात नाही. फरक दोन कायद्यांतला. अमेरिकेने तो फरक फार उशिरा मिटवला. २०११ साली तिथला कायदा बदलला आणि १६ मार्च २०१३ पासूनच्या अर्जांना जगभरातला उघड वापर लागू झाला. हळदीच्या निकालानंतर पंधरा वर्षांनी!

दरम्यान भारताने दोन कामे केली. पहिले ग्रंथांचे. प्रत्येक वेळी परदेशी पेटंट निघाल्यावर धावाधाव करून ३२ कागद शोधणे परवडणारे नव्हते. म्हणून २००१ साली परंपरागत ज्ञानाचे डिजिटल ग्रंथालय सुरू झाले. आयुर्वेद, युनानी, सिद्ध या शास्त्रांच्या ग्रंथांतली योगांची माहिती इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश आणि जपानी भाषांत मांडली गेली, पेटंट परीक्षकाला वाचता येईल अशा वर्गीकरणासह. २००९ मध्ये युरोपच्या पेटंट कार्यालयाशी करार झाला आणि पुढे अमेरिकेसह इतर देशांशीही. आता परीक्षक पेटंट देण्याआधीच ते पाहू शकतो.

दुसरे काम कायद्याचे. २००२ च्या दुरुस्तीने पेटंट कायद्यात कलम ३(प) आले. जे मुळात परंपरागत ज्ञान आहे, किंवा परंपरेने माहीत असलेल्या घटकांच्या माहीत असलेल्या गुणांची नुसती बेरीज आहे, ते शोध मानले जाणार नाही. आणि पेटंट देण्यापूर्वीच्या हरकतीच्या कलम २५ मध्ये एक कारण असे आले की भारतातल्या किंवा इतरत्रच्या स्थानिक समुदायाला ते ज्ञान आधीपासून आहे, तोंडी असले तरी. तोंडी असले तरी, हे शब्द मला या सगळ्या इतिहासात फार मोलाचे वाटतात. वॉशिंग्टनने ज्या आजीची साक्ष घेतली नसती, तिच्यासाठी आपल्या कायद्याने दार उघडले.

पण डिजिटल ग्रंथालयात जे आहे ते ग्रंथांतले आहे. मसाल्यातला कोणता जिन्नस किती भाजायचा, कुटल्यावर तो वर्षभर कसा टिकवायचा, हे लालबागच्या बायकांना येते. बोंबील कोणत्या वाऱ्यावर वाळत घालायचे हे कोळणीला येते. दोन्ही कोणत्याही संहितेत नाही. क्रॉफर्ड मार्केटच्या शोभेचे मासे विकणाऱ्यांना नव्या टाकीचे पाणी कसे मुरवायचे ते हाताच्या सवयीने कळते, त्याचाही ग्रंथ नाही. हे ज्ञान वाचवायचे तर ते नावानिशी, तारखेनिशी लिहून छापले पाहिजे, मग ते एखाद्या छोट्या मराठी मासिकात का असेना. आणि हरकतीचा हक्क वापरला पाहिजे.

मुंबईचे पेटंट कार्यालय बरीच वर्षे लोअर परळला, सन मिल कंपाउंडमधल्या तोडी इस्टेटमध्ये होते. गिरणगावच्या ऐन मध्यात, लालबागपासून हाकेच्या अंतरावर. पुढे ते अँटॉप हिलच्या बौद्धिक संपदा भवनात गेले. महाराष्ट्र, गोवा, गुजरात, मध्य प्रदेश आणि छत्तीसगडचे अर्ज तिथे येतात. अर्ज प्रसिद्ध झाल्यावर आणि पेटंट मिळण्याआधी कोणीही लेखी हरकत घेऊ शकतो. त्यासाठी शास्त्रज्ञ असावे लागत नाही, की कंपनी काढावी लागत नाही. प्रसिद्ध झालेल्या अर्जांची यादी पेटंट कार्यालयाच्या नियतकालिकात दर शुक्रवारी येते.